कॅसिनोत जिंकलेले पैसे: आयकर, नोंदी आणि पावत्या (आर्थिक वर्ष २०२५-२६)

हिशेबी_मुलुंडकर | १२ फेब्रुवारी २०२६, रात्री ९.१२

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ साली कायदा झाला होता, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. त्यामुळे मुंबईकर खेळतो गोव्यात, मांडवी नदीतल्या बोटीवर किंवा पंचतारांकित हॉटेलात, आणि कर भरतो मुंबईतल्या पॅनवर. मार्च तोंडावर आलाय. विवरणपत्र भरायला जुलै उजाडेल, पण आगाऊ कर आत्ताच भरावा लागतो, म्हणून हा धागा आत्ता काढतोय.

मूळ नियम कलम ११५बीबी. जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३०% कर, त्यावर ४% उपकर, म्हणजे ३१.२%. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं तर अधिभार वेगळा. बाकी उत्पन्न शून्य असलं तरी या रकमेला मूळ सवलतीची मर्यादा लागू होत नाही. ८०सी, ८०डी वगैरे वजावटीही हिच्यासमोर चालत नाहीत.

दुसरा नियम कलम ५८(४), आणि हाच लोकांच्या पचनी पडत नाही. या उत्पन्नातून कुठलाही खर्च वजा करता येत नाही, आणि हरलेली रक्कमही नाही. समजा शुक्रवारी रात्री ६०,००० जिंकले आणि शनिवारी ७५,००० गेले. खिशातून १५,००० कमी झाले, तरी कर ६०,००० वर लागतो: १८,७२०. विमानाचं तिकीट, हॉटेल, बोटीचं प्रवेशशुल्क, चिप्सवरचा (पैशांऐवजी खेळायच्या नाण्यांवरचा) जीएसटी, काहीही वजा होत नाही. कापडाच्या दुकानासारखा वर्षअखेरचा नफा-तोटा इथे काढायचाच नसतो.

तिसरी गोष्ट १.२ टक्क्यांची. कॅसिनो कलम १९४बी खाली टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापतो तो नुसता ३०%. निवासी व्यक्तीच्या बाबतीत त्यात उपकर नसतो. एक लाखाचा जॅकपॉट लागला तर कापले जातात ३०,०००, देणं असतं ३१,२००. वरचे १,२०० आपण भरायचे. "टीडीएस गेला, विषय संपला" असं समजणाऱ्यांना नंतर याच फरकाची मागणी व्याजासकट येते.

---

गिरगाव_नाका | १२ फेब्रुवारी, रात्री ९.५०

१०,००० पर्यंत करमुक्त असतं ना? स्लॉट मशीनवर एकाच रात्रीत ८,००० चे चार पेआउट झाले तर?

---

हिशेबी_मुलुंडकर | १२ फेब्रुवारी, रात्री १०.०४

नाही. १०,००० ही टीडीएसची मर्यादा आहे, कराची नाही. २०२५ च्या वित्त कायद्याने ती आणखी सैल झाली. आधी वर्षभरातली बेरीज १०,००० च्या वर गेली की टीडीएस लागायचा. १ एप्रिल २०२५ पासून एकेका व्यवहाराची रक्कम पाहतात. म्हणजे तुमच्या उदाहरणात टीडीएस शून्य, एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात) काहीही दिसणार नाही, आणि तरीही ३२,००० वर ९,९८४ रुपये कर आहे. एआयएस कोरं आहे म्हणून उत्पन्न कोरं होत नाही.

महालक्ष्मीच्या घोड्यांच्या रेसवरही हाच हिशेब. तिथे टीडीएसचं कलम १९४बीबी, बाकी दर आणि वजावटबंदी तीच.

---

ठाणे_करसल्ला | १२ फेब्रुवारी, रात्री १०.४१

मुलुंडकरांनी पाया चांगला घातलाय. पगारदारांसाठी सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र अजून कुणी लिहिली नाही: कलम ८७एची सूट.

या वर्षी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. जिंकलेल्या रकमेसारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर ही सूट नाही, एवढं बऱ्याच जणांना कळलंय. पण १२ लाखांची मर्यादा मोजताना जिंकलेली रक्कम धरली जाते, हे कळलेलं नाही.

आकडे मांडतो. पगार १२,७५,००० आहे. प्रमाणित वजावट ७५,००० गेली की १२,००,००० उरतात. स्लॅबप्रमाणे कर ६०,०००, तेवढीच सूट, म्हणून देणं शून्य. आता गोव्यात २,००,००० चा जॅकपॉट लागला. एकूण उत्पन्न १४,००,०००. मर्यादा ओलांडली, सूट पूर्ण गेली. पगारावरचे ६०,००० उभे राहिले, जॅकपॉटवरचे ६०,००० वेगळे, आणि दोन्हींवर ४% उपकर. एकूण १,२४,८००. कॅसिनोने कापलेत ६०,०००, उरले ६४,८००. मर्यादेच्या जरासंच वर गेलेल्यांना मिळणारा सीमांत दिलासा इथे लागू होत नाही, कारण १२ लाखांच्या वरची रक्कम दोन लाख आहे आणि कर त्यापेक्षा कमी.

दोन लाख जिंकल्यावर सव्वा लाखाच्या आसपास कर. पगार साडेबारा-पावणेतेराच्या घरात आहे त्यांनी हा हिशेब पैसे हातात आल्या दिवशीच मांडावा, कारण ते पैसे जुलैपर्यंत शिल्लक राहत नाहीत.

---

दादर_पश्चिम | १३ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

मग हे ६४,८०० कधी भरायचे? जॅकपॉट डिसेंबरात लागला असेल तर जून-सप्टेंबरचे हप्ते चुकले म्हणून व्याज बसतं का?

---

ठाणे_करसल्ला | १३ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

नाही बसत. जिंकण्याचा अंदाज आधी बांधता येत नाही हे कायद्याने मान्य केलंय. हप्ते चुकल्याच्या व्याजाचं कलम २३४सी, त्यात तशी तरतूद आहे: रक्कम हाती आल्यानंतर जे हप्ते उरले असतील त्यांत कर भरा. १५ मार्चनंतर जिंकलात तर ३१ मार्चपर्यंत भरा. तेवढं केलं की मागच्या हप्त्यांचं व्याज नाही.

टीडीएस वजा जाता वर्षाचं देणं १०,००० पेक्षा कमी असेल तर आगाऊ कर लागतच नाही, विवरणपत्राआधी स्वनिर्धारण कर भरला तरी चालतं. त्याहून जास्त असेल आणि ३१ मार्चपर्यंत टीडीएस वजा जाता उरलेल्या कराच्या ९०% रक्कम जमा नसेल, तर एप्रिलपासून दरमहा १% व्याज, कलम २३४बी.

नोकरदारांना सोपा रस्ता म्हणजे कंपनीला फॉर्म १२बीएए देऊन हे उत्पन्न आणि कापलेला टीडीएस कळवायचा. कंपनी फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून फरक कापून घेते. ज्यांना ऑफिसात सांगायचं नाही त्यांनी पोर्टलवर ई-पे टॅक्समधून भरावं. कर निर्धारण वर्ष २०२६-२७ निवडा, आगाऊ करासाठी १००, स्वनिर्धारणासाठी ३००. घाईत २०२५-२६ निवडणारे दरवर्षी सापडतात. पोर्टलवर चलन दुरुस्तीची सोय आहे, पण वर्ष बदलायला मुदत फार थोडी असते. चलन हातात आलं की तिथल्या तिथे वाचा.

---

वहीखाते | १३ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

कराचा दर सगळीकडे वाचायला मिळतो. नोंद कशी ठेवायची हे कुणी सांगत नाही, आणि नोटीस आल्यावर उपयोगी पडते ती नोंदच.

नोंद त्याच रात्री व्हायला हवी. सोमवारी ऑफिसात बसून आठवून लिहिलेल्या वहीला वजन नसतं, कारण तिच्यातले आकडे गोल असतात. मोबाइलच्या शीटमध्ये लिहिलं तरी चालेल, पण प्रत्येक बैठकीची एक ओळ हवी. नमुना:

१३ डिसें. | बोटीचं नाव | रूलेट, टेबल ६ | रा. ९.४० ते १२.१५ | चिप्स घेतल्या ३०,००० (यूपीआय, पावती क्र.) | परत दिल्या ५२,५०० (पावती क्र., बँकेत) | टीडीएस किती | शेरा

शेऱ्यात काय जातं? प्रवेशाच्या पॅकेजमध्ये ज्या एकदाच खेळायच्या चिप्स मिळतात, त्यांचे रोख पैसे होत नाहीत. त्या घेतलेल्या रकमेत धरू नका, शेऱ्यात वेगळ्या लिहा. त्यांच्यावर जिंकलेल्या साध्या चिप्स मात्र जिंकलेल्या रकमेत धरायच्याच. न खेळता परत केलेल्या चिप्सही वेगळ्या लिहा. काउंटरवरून मिळालेले पैसे ही पूर्ण कमाई नसते. स्वतःच्याच ३०,००० वर कर भरून बसलेले लोक असतात, ते याच गफलतीमुळे.

एका रात्रीत टेबल बदललं, खेळ बदलला तर नवी ओळ. स्लॉट आणि टेबल एका ओळीत कधीच घालू नका. स्लॉटला जॅकपॉटची स्लिप असते आणि कापलेला टीडीएस त्या एका रकमेशी जोडलेला असतो.

पावत्यांबद्दल. कॅश काउंटरवरच्या पावत्या थर्मल कागदावर असतात. मुंबईच्या दमट हवेत, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा प्लास्टिकच्या मऊ फोल्डरमध्ये त्या काही महिन्यांत फिक्या पडतात. प्लास्टिकमधलं रसायनच छपाई उडवतं. म्हणून हॉटेलवर आल्या आल्या फोटो, घरी आल्यावर साध्या कागदावर झेरॉक्स, आणि मूळ पावती कागदी पाकिटात. पाकिटावर तारीख.

प्लेअर कार्ड असेल तर कॅसिनोकडे ईमेलने वर्षाचं विवरण मागा. ते आपल्या वहीशी ताडून पाहायचं, वहीच्या जागी ठेवायचं नाही. कार्ड न लावता खेळलेला डाव त्यात येत नाही, आणि टेबलावरच्या रकमा पुष्कळदा कर्मचाऱ्याने अंदाजाने टाकलेल्या असतात.

सगळं आठ वर्षं ठेवा. फेरनिर्धारणाची मुदत कर निर्धारण वर्ष संपल्यापासून सव्वातीन वर्षं, आणि दडलेलं उत्पन्न ५० लाख किंवा जास्त असेल तर सव्वापाच वर्षं. त्याच्या पुढे अपील वगैरे धरून आठ.

---

पार्ले_टिळक_मंदिर_रोड | १३ फेब्रुवारी, दुपारी १.०५

वहीखाते, एका मुद्द्यावर असहमत. तुम्ही बैठकीगणिक हिशेब धरताय, ३०,००० घेतले, ५२,५०० परत, म्हणजे २२,५००. कायद्याची भाषा कडक वाचली तर प्रत्येक डाव वेगळा. लाल रंगावर १,००० लावले आणि लागले, तर १,००० जिंकले. पुढच्या डावात १,००० गेले, तर तो तोटा, आणि तो ५८(४) मुळे वजा होत नाही. बैठकीची बेरीज-वजाबाकी करण्याची परवानगी कुठे आहे?

---

वहीखाते | १३ फेब्रुवारी, दुपारी १.४८

शंका रास्त आहे. कॅसिनोसाठी "निव्वळ जिंकलेली रक्कम" अशी व्याख्या ११५बीबीमध्ये नाही. ऑनलाइन खेळांसाठी ११५बीबीजे आणलं तेव्हा ती दिली, सूत्रासकट. इथे दिली नाही, म्हणून कडक अर्थ लावणाऱ्याला वाव राहतो.

पण रूलेटच्या टेबलावर दर डावाची नोंद ना खेळणाऱ्याकडे असते ना कॅसिनोकडे. चिप्सचे पैसे होतात काउंटरवर. म्हणून टेबलासाठी बैठक हाच मोजता येण्याजोगा घटक. मी बैठक म्हणतो ती एका टेबलावरची, सलग. शुक्रवारची आणि शनिवारची एकत्र करणं मला मान्य नाही, आणि रूलेटमधले बुडालेले फ्लशमधून वजा करणंही नाही. स्लॉटच्या जॅकपॉटला हे लागू नाही. तिथे स्लिपवरचा पूर्ण आकडा.

रक्कम मोठी असेल, म्हणजे काही लाखांची, तर सीएकडून लेखी मत घ्या आणि पाकिटात ठेवा.

---

पार्ले_टिळक_मंदिर_रोड | १३ फेब्रुवारी, दुपारी २.१०

सलग बैठक आणि एकच टेबल, एवढं बंधन पाळलं तर मलाही पटतं. आठवड्याची गोळाबेरीज करून "एकूण हरलोच" म्हणणाऱ्यांची बाजू मात्र टिकणार नाही.

---

सीएसएमटी_लोकल | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३२

रोख घ्यावं की बँकेत?

---

ठाणे_करसल्ला | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.००

बँकेत. कलम २६९एसटी प्रमाणे एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारात, किंवा एकाच प्रसंगाच्या निमित्ताने दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला, आणि घेतलेल्या रकमेएवढा. अडीच लाख रोख उचलले तर अडीच लाख दंडाचा धोका. दोन रात्रींत वाटून घेतले तरी "एक प्रसंग" म्हणून धरता येतं. कॅसिनो हे मनी लाँडरिंग कायद्याखाली नोंदी ठेवायला आणि कळवायला बांधील आहेत, त्यामुळे ओळखपत्रासकट माहिती त्यांच्याकडे असतेच.

थोडी रोख घेतलीच तर पावती सोबत बाळगा. आचारसंहितेच्या काळात गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुली नाक्यावर ५०,००० च्या वरच्या रोकडीचा हिशेब विचारतात. बँकेत भरताना एकदाच भरा आणि स्लिपवर तारीख ठेवा. हप्त्याहप्त्याने भरलेली रोकड कुठल्या जिंकण्याची हे नंतर जुळवता येत नाही. स्रोत सिद्ध झाला नाही तर ती अस्पष्टीकृत रक्कम, कलम ६९ए. मग ११५बीबीई प्रमाणे ६०% कर, त्यावर २५% अधिभार आणि उपकर, म्हणजे ७८%. ३१.२ आणि ७८ यांमधलं अंतर एका पावतीचं असतं.

---

गिरगाव_नाका | १३ फेब्रुवारी, रात्री ८.२६

चाळीत दिवाळीला पत्ते होतात. तेही?

---

हिशेबी_मुलुंडकर | १३ फेब्रुवारी, रात्री ८.४०

हो. पत्त्यांचा खेळ कलमात नावानिशी आहे. खेळ कायदेशीर की बेकायदा हे आयकर पाहत नाही. बेकायदा उत्पन्नावरही कर आहे, आणि तो भरल्याने खेळ कायदेशीर होत नाही. पैसे लावून चालणाऱ्या अड्ड्यांना १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच.

---

फॉर्म_भरणारी | १४ फेब्रुवारी, सकाळी १०.१०

विवरणपत्रात कुठे काय लिहायचं ते सांगते.

आयटीआर-१ आणि आयटीआर-४ चालत नाहीत. पगारदाराने आयटीआर-२, धंदा असेल तर आयटीआर-३. आयटीआर-१ भरलं तर सदोष म्हणून १३९(९) ची नोटीस येऊ शकते.

शेड्यूल ओएसमध्ये (इतर उत्पन्नाचा तक्ता) ११५बीबीच्या ओळीत कापण्याआधीची पूर्ण रक्कम लिहायची. जॅकपॉट १,००,००० चा, खात्यात ७०,००० आले, तर लिहायचे १,००,०००. बँकेच्या पासबुकातून आकडा उचलणारे ७०,००० लिहितात, आणि टीडीएस मागतात ३०,००० चा. प्रणालीला ते लगेच दिसतं.

त्याच शेड्यूलमध्ये खाली तारखांचा तक्ता आहे: १५ जूनपर्यंत, १६ जून ते १५ सप्टेंबर, १६ सप्टेंबर ते १५ डिसेंबर, १६ डिसेंबर ते १५ मार्च, १६ ते ३१ मार्च. १३ डिसेंबरची रक्कम तिसऱ्या खान्यात. सगळं पहिल्या खान्यात टाकलं तर प्रणाली समजते की जूनच्या आधीच जिंकलात, आणि २३४सीचं नाहक व्याज लावते. वर ज्या तरतुदीबद्दल लिहिलंय तिचा फायदा याच खान्यांतून मिळतो.

शेड्यूल एसआय (विशेष दराचं उत्पन्न) आपोआप भरतं, पण उघडून पाहा. टीडीएस शेड्यूलमध्ये कॅसिनोच्या टॅनसमोर (कर कापणाऱ्याचा क्रमांक) "इतर उत्पन्न" हे शीर्षक निवडा.

ऑनलाइन पैशांचे खेळ ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाले. पण एप्रिल ते ऑगस्टमधली कमाई याच वर्षाची. तिची ओळ वेगळी, ११५बीबीजे, टीडीएस १९४बीए. कॅसिनोच्या रकमेत ती मिसळू नका.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतोय, कलमांचे क्रमांक बदलतील. या वर्षाचं विवरणपत्र मात्र जुन्याच कलमांनी.

---

दादर_पश्चिम | १४ फेब्रुवारी, सकाळी ११.३५

चौघांनी वर्गणी काढून स्लॉट खेळला आणि जॅकपॉट लागला तर? आणि गाडी वगैरे बक्षीस असेल तर?

---

फॉर्म_भरणारी | १४ फेब्रुवारी, दुपारी १२.०२

ज्याचा पॅन दिला त्याच्याच नावावर पूर्ण रक्कम चढते. वाटणी करायची असेल तर पैसे मिळण्याच्या वेळीच कॅसिनोला नियम ३७बीए(२) प्रमाणे लेखी द्यावं लागतं: कोणाचा किती हिस्सा, पॅन, पत्ता, कारण. मग टीडीएस त्या त्या पॅनवर दाखवता येतो. मुंबईला परतल्यावर व्हॉट्सॲपवर ठरवलेली वाटणी कागदावर येत नाही. निदान खेळायच्या आधी चौघांनी वर्गणी यूपीआयने एकाच्या खात्यात टाकून "सामायिक खेळ, समान हिस्सा" एवढं लिहून ठेवावं.

वस्तूच्या बाबतीत कर आधी, किल्ली नंतर. ८ लाखांची गाडी असेल तर २,४०,००० कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय कॅसिनोने गाडी सोडायची नसते. ते पैसे विजेत्याला खिशातून उभे करावे लागतात.

---

अंधेरी_एअरपोर्ट | १४ फेब्रुवारी, दुपारी ३.१५

लास वेगासला स्लॉटवर ५,००० डॉलर लागले, तिथे १,५०० कापले. इथे परत कर?

---

ठाणे_करसल्ला | १४ फेब्रुवारी, दुपारी ४.२०

निवासी असाल तर जगभरचं उत्पन्न इथे करपात्र. ५,००० डॉलर दाखवायचे, ३,५०० नाही. रुपयांत बदलायला नियम ११५ प्रमाणे ३१ मार्चचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर. कापलेल्या १,५०० चं श्रेय मिळतं, पण ते रुपयांत बदलायला दर वेगळा: ज्या महिन्यात कापले त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. दोन्हीला एकच दर लावणं ही नेहमीची चूक. श्रेयासाठी फॉर्म ६७, शिवाय शेड्यूल एफएसआय (परदेशी उत्पन्न) आणि टीआर (तिथे भरलेल्या कराचं श्रेय). पुरावा म्हणून परदेशी नागरिकांसाठीचा १०४२-एस हा अमेरिकी फॉर्म घ्या. रूलेट, ब्लॅकजॅक, बॅकरा यांवर तिथे परदेशी माणसाचा कर कापत नाहीत, मग श्रेयाचा प्रश्न नाही आणि इथे पूर्ण कर.

---

सीएसएमटी_लोकल | १५ फेब्रुवारी, सकाळी ९.००

डिसेंबरात टीडीएस कापला असेल आणि २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराचं विवरण) दिसत नसेल तर?

---

फॉर्म_भरणारी | १५ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीचं टीडीएस विवरण भरायची मुदत ३१ जानेवारी, टीडीएसचा दाखला म्हणजे फॉर्म १६ए त्यानंतर पंधरा दिवसांत, म्हणजे आजपर्यंत. आठवडाभर थांबा. तरी आलं नाही तर कॅसिनोच्या लेखा विभागाला ईमेल करा: जॅकपॉट स्लिपचा फोटो, तारीख, रक्कम, पॅन. आधी पॅनचं एकेक अक्षर तपासा, काउंटरवर हाताने लिहिलेल्या फॉर्ममध्ये ५ चा एस होतो आणि तुमचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात बसतात. कॅसिनोने दुरुस्ती विवरण भरलं की ते सुटतं.

जानेवारी ते मार्च तिमाहीची मुदत ३१ मे आहे. त्या महिन्यांत जिंकलेल्यांनी जूनच्या मध्याआधी विवरणपत्र भरायची घाई करू नये.

आणि कापून घेऊन भरलाच नसेल, तर कलम २०५ प्रमाणे तो कर तुमच्याकडून पुन्हा मागता येत नाही. पण कापला हे दाखवायला स्लिप लागते. वहीखात्यांनी सांगितलेलं कागदी पाकीट तेव्हा काढायचं.